खळ्यावरची बोट आणि सासूबाईंचं नाक

आमच्या सासूबाईंना आडवं झोपता येत नसे. दमा होता. लोड, तक्क्या आणि उशा यांची उतरंड पाठीशी रचून त्या भिंतीला टेकून बसत, आणि बसल्या बसल्या जेवढा डोळा लागेल तेवढीच त्यांची झोप. मामंजी शेजारीच आरामखुर्चीत झोपत. पलंग असताना खुर्चीत का, असं मी लग्न होऊन आल्या आल्या विचारलं होतं. ‘मला खुर्चीच बरी वाटते,’ असं ते म्हणाले. एरवी मी कुठलीही गोष्ट सहजासहजी सोडत नाही, पण तेवढी एक सोडून दिली.

मला चौकशा करायची खोडच आहे. अंबरनाथला एका रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते, आणि तिथे या खोडीचा पगार मिळे. घरी मात्र तिला भोचकपणा म्हणत. ‘सूनबाईला उत्तर द्या, नाहीतर ती भिंतीला विचारेल,’ असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांचं स्वतःचं नाक मात्र माझ्या चौकशांच्या वरताण होतं. बदलापूरच्या आमच्या घरात बसून, वारा अंबरनाथकडून येतोय की बारवी धरणाकडून, हे त्या वासावरून सांगत. संध्याकाळी मी दारात चपला काढते न काढते तोच आतून आवाज येई, ‘आज त्या सडक्या अंड्यांच्या वासाच्या खोलीत होतीस वाटतं.’ आणि मी खरंच तिथे असे. पुढे जे रामायण घडलं त्यात या नाकाचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मामंजी मुंबईच्या गोदीतून निवृत्त झाले. बोटींची दुरुस्ती करणाऱ्या एका विभागात ते स्टोअरकीपर होते. खिळे, स्क्रू, वार्निश, दोर, पितळी बिजागऱ्या मोजून द्यायच्या, हे त्यांचं काम. कुठल्या बोटीला कुठला स्क्रू लागतो हे तोंडपाठ, पण घरात स्क्रू पिळायची वेळ आली की मला हाक मारत. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, शाल घेऊन येतात. मामंजी लिलावात निघालेली शिडाची जुनी बोट घेऊन आले.

बोट ट्रकवरून आली तेव्हा आमच्या इमारतीतले सगळे गॅलऱ्यांत उभे. ठेवायची कुठे? इमारतीला अंगण असं नव्हतंच. शेवटी आमच्याकडे दूध घालणारे दादा धावून आले. ते बदलापूरला लागून असलेल्या खरवईचे. तेव्हा खरवईला नुकते कुठे बंगल्यांचे प्लॉट पडायला लागले होते, बाकी सगळी भातशेती. त्यांच्या घरामागे भात झोडायचं मोठं खळं होतं आणि सुगी येईपर्यंत ते रिकामंच असे. ‘ठेवा काका,’ दादा म्हणाले, ‘पन भात कापनीला आला का मना खलं मोकलं पायजे.’ मामंजींनी मान डोलावली. टेकू लावून बोट खळ्यावर उभी राहिली. दादांच्या बायकोनं तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि विचारलं, ‘इथं पानी कुठंय हिला?’ मामंजींनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

खरी गोष्ट अशी होती की मामंजींना बोट चालवायची नव्हतीच. त्यांना हवी होती ती तिच्या नाकाडातली केबिन. दोन पायऱ्या उतरून, कमरेत वाकून आत शिरायचं. दोन्ही अंगांना एकेक बर्थ. उशाशी दोघांमध्ये चांगलं अंतर, पण बोट पुढे निमुळती होत जाते तसे ते जवळ जवळ येतात आणि पायांशी एकमेकांना मिळतात. वर आकाशाकडे उघडणारं एक झाकण, बाजूला पितळी चौकटीची एवढीशी गोल खिडकी. गोदीत मामंजी तरुणपणी पाहत असत, साहेब लोक बायकांना घेऊन शनिवारी असल्या बोटींवर जात आणि रविवारी संध्याकाळी ताजेतवाने होऊन परत येत. नवं लग्न झालेल्या मामंजींनी तेव्हा सासूबाईंना सांगितलं होतं, ‘एकदा तुला असल्या खोलीत झोपवीन.’ पुढे सासूबाईंना दमा जडला आणि झोपणं हाच अवघड विषय झाला. मामंजी मात्र ते बोलणं विसरले नव्हते.

त्यात केबिनची दशा बघवत नव्हती. छताच्या रंगाचे पापुद्रे लोंबत होते. बर्थच्या फळ्या चहात बुडवलेल्या खारीसारख्या झालेल्या, बोट लावलं की आत जाई. कापसाच्या गाद्यांवर हिरवी-काळी बुरशी. भिंतींवर अर्ध्या उंचीपर्यंत पाण्याची पुसट रेघ होती, म्हणजे कधीतरी इथे तेवढं पाणी भरून राहिलं असणार. मला अर्थातच आनंद झाला, कारण प्रत्येक गोष्टीला विचारण्यासारखं काहीतरी होतं. एका फळीमागे मला केसांची पिन सापडली आणि अर्धी सुपारी. सुपारी खाणारी कोण बाई इथे झोपली असेल, यावर मी आठवडाभर विचार करत होते.

सासूबाईंना पहिल्यांदा आणलं तेव्हा त्या शिडीसुद्धा चढल्या नाहीत. खालीच उभ्या राहिल्या, पदर नाकावरून बाजूला केला, एकदाच श्वास घेतला आणि पदर पुन्हा लावला.

‘यात तू एकदा झोपायचंस,’ मामंजी म्हणाले. ‘आडवं.’

‘अहो, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? केवढा कुबट वास येतोय. हा माझ्या छातीत गेला तर मी कायमचीच आडवी होईन.’

‘वास काढतो मी. मग?’

‘वास गेला की बोलवा,’ त्या म्हणाल्या. ‘मग बघू.’

एवढंच ठरलं. पण मामंजींच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांच्यासाठी हे ‘बघू’ म्हणजे होकारच होता. केबिनचा वास जायला हवा, आणि तोही भात कापणीला यायच्या आत. मला काही ते जमेलसं वाटत नव्हतं. मी तसं बोललेसुद्धा. मामंजी म्हणाले, ‘तू नुसते प्रश्न विचार, नाही म्हणायचं असेल तर ते मी म्हणेन.’

पावसाळा तोंडावर होता. नवऱ्यानं कुजलेल्या फळ्या उपसून काढल्या, तेव्हा बर्थखालचा बोटीचा सांगाडा उघडा पडला. बरगड्यांसारखी जाड आडवी लाकडं, आणि दोन लाकडांच्या मध्ये एकेक खण. त्या दिवशी सासूबाई शिडीच्या दोन पायऱ्या चढून, पदर घट्ट धरून आत डोकावल्या आणि ओरडल्या, ‘अगंबाई, बिळं!’ खरंच, प्रत्येक आडव्या लाकडाच्या तळाशी अंगठ्याएवढं भोक होतं. ‘उंदीर झालेत. आधी ही बुजवा. नाहीतर नवीन गाद्या आणाल आणि त्यांत पिल्लं निघतील.’

आमच्याकडे बीळ बुजवायची एक पद्धत आहे. नुसतं सिमेंट लावलं तर घूस ते कोरून काढते, म्हणून आधी फुटक्या काचा ठासायच्या आणि मग वर सिमेंट. भातशेतीच्या कडेला राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. दादांनी बाटल्या आणल्या, फोडल्या. नवऱ्याला आयुष्यात येणारं गवंडीकाम हे एवढंच, त्यामुळे त्यानं ते मोठ्या हौसेनं केलं. एकेक भोक काचा ठासून, सिमेंट थापून, वरून बोटानं गुळगुळीत केलं. मामंजींनी पाहून शाबासकी दिली. गोदीत जन्म काढलेल्या माणसानं शाबासकी दिल्यावर आम्ही कशाला शंका घ्यायची?

मग पाऊस लागला. बोटीवर ताडपत्री होती, तरी वाऱ्यानं ती उडे, पाणी आत जाई. आम्ही दर रविवारी खरवईला जायचो. मामंजींनी सगळे उपाय केले. झाकणाच्या कडेला डांबर लावलं. आत कापूर जाळला, ऊद घातला, कडुनिंबाचा पाला पसरला, ओल शोषायला डब्यात चुना ठेवला. एकदा केबिनमध्ये ऊद, निंब आणि कुबट वास असा त्रिवेणी संगम झाला, तो तर निव्वळ असह्य होता. दर वेळी सासूबाई खळ्यावर उभ्या राहून पदर बाजूला करत आणि एकच शब्द बोलत, ‘आहे.’

आधी होता त्यापेक्षा वास वाढला होता, हेच मला छळत होतं. कुजलेलं सगळं काढून टाकलेलं, उंदरांचा बंदोबस्त केलेला, मग वाढावा का? श्रावण आला तसे मामंजींनी नवे उपाय शोधणं सोडलं. एके दिवशी खरवईहून परतताना रिक्षात म्हणाले, ‘तिनं माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही गं. मीच आपणहून देतो म्हणालो होतो. तेवढंही होत नाही.’ मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण त्यांचे डोळे भरून आलेत हे आवाजावरून कळत होतं. फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी प्रश्न विचारायला लागते.

पाणी नेमकं शिरतं कुठून? हे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. सगळे अंदाज. नवरा म्हणे झाकणातून, मामंजी म्हणत डोलकाठीच्या बुडाशी, दादांच्या मते खिडकीतून. मी प्रयोगशाळेतून टाकून द्यायच्या रंगांचे नमुने कागदाच्या पुड्यांत बांधून आणले. आमच्या भागात रंगीत पाण्याचं कुणाला नवल नव्हतं. नाला आज जांभळा तर उद्या हिरवा, पोरं त्यावर पैजा लावत. पण इथे रंग मला काहीतरी सांगणार होता. झाकणाच्या कडेला लाल पूड टाकली, डोलकाठीच्या बुडाशी हिरवी, खिडकीच्या चौकटीवर निळी आणि डेकच्या फळ्यांच्या सांध्यावर पिवळी. ताडपत्री काढून घेतली आणि पावसाला वाट मोकळी करून दिली.

‘सूनबाई रंगपंचमी खेलते का काय?’ दादांनी मामंजींना विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळीच जाऊन बर्थखाली वाकले आणि तशीच वाकलेली राहिले. एका खणात लाल पाणी होतं. पुढच्यात हिरवं. त्याच्या पलीकडे निळं. पिवळं कुठेच नव्हतं, म्हणजे फळ्यांचे सांधे शाबूत होते आणि झाकण, डोलकाठी, खिडकी हे तिघेही चोर. सगळ्यांचेच अंदाज बरोबर निघाले, त्यामुळे कुणालाच जिंकल्याचा आनंद झाला नाही. पण मला त्यापेक्षा भलतंच काहीतरी खटकत होतं. हे रंग एकमेकांत मिसळले का नव्हते?

बोटीचा तळ मागे मागे खोल होत जातो. पाणी उतारानं मागे वाहून जायला हवं होतं, सगळे रंग एकत्र होऊन मागच्या खड्ड्यात एकच गढूळ पाणी साठायला हवं होतं. तिथे बुडाला एक बूच होतं, ते काढलं की पाणी बाहेर. पण तिथे कोरडं ठणठणीत. इकडे प्रत्येक खणात आपापल्या रंगाचं पाणी मुकाट्यानं साठून राहिलेलं. किती आठवडे हे असंच कुजत असेल? मी आडव्या लाकडांवरून हात फिरवत गेले तेव्हा नवऱ्यानं थापलेलं गुळगुळीत सिमेंट बोटांना लागलं. एक, पुढे आणखी एक, पुढे आणखी एक. सगळी एका रेषेत. सगळी लाकडाच्या अगदी तळाशी, मधोमध.

इतका शिस्तीचा उंदीर कुठे असतो?

मी बाहेर डोकं काढून मामंजींना तेच विचारलं. ते शिडीवर होते. आधी त्यांना कळेना. मग कळलं, आणि ते शिडीच्या पायरीवरच बसले. ‘लिंबर चेन,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ते काय? तर म्हणाले, स्टोअरमधून बोटीवाले एक बारीक पितळी साखळी नेत. फुटावर कापून द्यायची. नाव लिंबर चेन. नेणाऱ्याला एकदा गंमत म्हणून विचारलं होतं तर तो म्हणाला होता, तळातल्या भोकांतून ओवून ठेवतो, मधूनमधून पुढेमागे ओढली की कचरा अडकत नाही, पाणी वाहतं राहतं. ‘मी आयुष्यभर साखळी मोजून दिली. भोकं काही पाहिली नाहीत कधी,’ मामंजी म्हणाले. आणि मग हसायला लागले. मी इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

हसू ओसरल्यावर म्हणाले, ‘हे तिला सांगायचं नाही हं. बिळं तिनं दाखवली होती. उगाच मनाला लावून घेईल.’

नवरा छिन्नी घेऊन बसला. स्वतःच्या हौसेचं सिमेंट स्वतःच फोडायचं, त्यात काचा. बोटं कापून घेतली आणि मनसोक्त वैतागला. शेवटचं भोक मोकळं झालं तसं बूच काढलं. लाल, हिरवं, निळं पाणी मिसळून जांभळट-मातकट झालं आणि भसाभसा खळ्यावर आलं. त्यातून दादांच्या कोंबड्या चालल्या. त्यांचे पाय पुढे कित्येक दिवस जांभळे होते, आणि गावात त्याची चर्चा आमच्या बोटीपेक्षा जास्त झाली.

साखळी मात्र बदलापुरात मिळेना. घरी देवघरासमोर दोन लामणदिवे टांगलेले असत, पितळी साखळीवर. मामंजी एके दुपारी सासूबाईंची नजर चुकवून स्टुलावर चढले. त्यांची नजर चुकेल, पण पितळ घासायच्या ब्रासोचा आणि जुन्या तेलाचा वास हलला की त्या उठणारच.

‘काय चाललंय?’

‘काही नाही. साखळी पाहत होतो.’

‘देवाच्या दिव्याची?’

मामंजींना सासूबाईंसमोर खोटं बोलता येत नसे. सगळं सांगून मोकळे झाले, फक्त बिळं कुणी दाखवली तेवढं गाळलं. सासूबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ती बिळं नव्हती. मीच बुजवायला लावली ना ती?’ मामंजी काहीतरी पुटपुटले. ‘आणि तुम्ही जन्मभर बोटींच्या दुकानात बसून, मी म्हटलं बीळ की बीळ? मी काय गोदीत होते?’ आवाज चढला, पाठोपाठ श्वास लागला, छातीतली शीळ वाजायला लागली. मामंजी घाबरले. मी पाणी आणलं. दम खाल्ल्यावर सासूबाईंनी मला म्हटलं, ‘दोन्हींच्या काढ गं. एक पुरणार नाही. दिवे खाली पाटावर ठेवीन मी.’

त्या दिवसापासून बोट त्यांचीही झाली. साखळी ओढली का, हे दर रविवारी त्या विचारत. ओढली की तळातून खळखळ आवाज येई, तो मला फार आवडे. झाकण, खिडकी, डोलकाठीचं बूड, तिन्ही ठिकाणं नीट बंद केली. उल्हासनगरच्या जुन्या लाकडाच्या वखारीतून जुन्या दारांच्या फळ्या आणल्या. बर्थवर त्या सलग न ठोकता मध्ये बोट बोट जागा सोडून ठोकल्या, म्हणजे खालून वारा लागेल. मग ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि केबिन आतून हळूहळू सुकत गेली. मी दर खेपेला हात लावून बघायची.

गादीसाठी मामंजी आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेलो. वर्तमानपत्रं चिकटवून बर्थचा नमुना कापून नेला होता. गाद्यांच्या दुकानातल्या सिंधी शेठनं तो जमिनीवर पसरला, एकदा इकडून पाहिला, एकदा तिकडून.

‘साईं, ये गद्दी है के समोसा?’

मामंजींनी दोन्ही नमुने जुळवून दाखवले. इथे डोकी, इथे पाय.

‘सर दूर दूर और पैर साथ में?’ शेठ माझ्याकडे वळले. ‘भाभी, झगडा झालाय काय घरात?’

‘नाही,’ मामंजी गंभीरपणे म्हणाले. ‘बोट अशीच असते.’

शेठनं रेक्झिनचं कव्हर सुचवलं. मामंजींनी नको म्हटलं, घाम धरतं. शेवटी गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यातून उरलेलं जाड निळं कापड आणून त्याची कव्हरं शिवून घेतली. मशीनला जीन्सचा नारिंगी दोरा होता, त्यानंच सगळी शिलाई झाली. दोन समोसे पाठीला लावून आम्ही शेअर रिक्षात बसलो तेव्हा बाकीच्या प्रवाशांनी आमच्याकडे पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही.

तोवर दिवाळी झाली होती. दादांचं भात कापून झालं होतं, भारे शेतात पडले होते. ‘काका, खलं कवा मोकलं करताव?’ असं ते आधी आठवड्यानं विचारत, मग एक दिवसाआड, मग रोज दुधाबरोबर. मामंजींनी बोट समुद्रकाठच्या एका ओळखीच्या माणसाकडे द्यायचं ठरवलं होतं. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. पण आभाळ भरून येत होतं आणि दादांना थांबायला सवड नव्हती. ‘आज ऊन कललं का भारे आनतो. बोटीच्या बाजूलाच झोडतो,’ ते म्हणाले. त्यांचं काही चूक नव्हतं. भाताची झोडणी म्हणजे लाकडावर पेंढ्या आपटणं, धबाधब आवाज. तो सुरू झाला की कुणी झोपणं शक्य नव्हतं. म्हणजे हाती फक्त तेवढी दुपार होती.

सासूबाई जेवून आल्या. खळ्यावर उभ्या राहिल्या, पदर बाजूला केला. नेहमीसारखा एक श्वास घेतला. मग दुसरा घेतला. पदर पुन्हा लावला नाही. शिडी चढल्या, वाकून आत गेल्या. आम्ही खाली वाट बघत.

‘नाही,’ आतून आवाज आला.

‘काय नाही?’ मामंजींनी खालून विचारलं.

‘वास नाही हो. जीन्सच्या दुकानाचा येतोय थोडा.’

मामंजी उशा द्यायला वर चढले. लोड, तक्क्या, सगळी उतरंड घरून आणली होती. सासूबाईंनी एकच उशी ठेवून घेतली. ‘आणि माझ्या तोंडाकडे बघत बसू नका. मी काय सर्कशीतली आहे? उतरा खाली.’

मामंजी उतरले. नवरा ट्रकवाल्याकडे चौकशीला गेला. मामंजी शिडीला हात लावून उभे. घरातल्या सगळ्यांना सासूबाईंच्या श्वासाची शीळ ओळखीची होती, भिंतीपलीकडूनही ऐकू यायची. सुरुवातीला ती आली. मग बारीक झाली. मग ऐकूच येईना. मामंजींचा चेहरा उतरला. ‘बघून येतो,’ असं कुजबुजून ते चपला खाली काढून वर गेले. बराच वेळ झाला तरी खाली आले नाहीत.

शेताकडे जाता जाता दादांच्या बायकोनं चहा करून दिला. तीन कप घेऊन मी शिडी चढले आणि डोकं आत घातलं.

सासूबाई सरळ, आडव्या झोपल्या होत्या. उशीसुद्धा बाजूला सरकली होती. तोंड किंचित उघडं, श्वास शांत चाललेला. मी पाहिलं होतं तेवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा झोपेत छताकडे वळलेला कधी पाहिला नव्हता. वरच्या झाकणातून वारा आत येत होता आणि माझ्या गालावरून बाहेर जात होता. तो वारा, कोरडी हवा, त्या दिवशीची त्यांची तब्येत, नक्की कशामुळे ते झालं हे मला आजही सांगता येणार नाही. मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही.

कारण दुसऱ्या बर्थवर मामंजी होते. तेही आडवे. हात छातीवर, लहान मुलासारखे गाढ झोपलेले, हलके घोरत. मला एकदम त्यांची खुर्ची आठवली. ती त्यांना कधीच बरी वाटत नसणार. बायकोला आडवं होता येत नाही म्हणून हा माणूस इतकी वर्षं बसून झोपत आला होता, आणि विचारलं तर आवड असल्यासारखं बोलत होता. निमुळत्या टोकाशी, जिथे दोन्ही गाद्या मिळतात तिथे, सासूबाईंच्या भेगाळलेल्या टाचा मामंजींच्या पावलांना टेकल्या होत्या.

मी चहा घेऊन तशीच उतरले. थोड्या वेळानं शेताच्या बाजूनं दादा येताना दिसले, डोक्यावर भाताचा भारा, मागे बायको, तिच्याही डोक्यावर भारा.

‘उठले नाय का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही. दोघंही झोपलेत. आडवे.’

दादांनी बोटीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. ‘निजू दे,’ ते म्हणाले. डोक्यावरचा भारा त्यांनी आवाज न करता बांधावर उतरवला, बायकोला हातानंच थांब म्हणून खूण केली, आणि आम्ही तिघं खळ्याच्या कडेला बसून तो गार झालेला चहा प्यालो.